विहिरीवरची तारीख

टीव्हीवरच्या नाटकानं जनतेची सेवा कशी करावी, हे मी सरकारी पगारावर शिकलो. सत्तरच्या दशकात आमच्याकडे टीव्ही नवा होता, केंद्र सरकारी होतं, आणि सरकारी पडद्यावर नुसती करमणूक करणं हे तेव्हा थोडंसं पाप समजलं जाई. म्हणून प्रत्येक नाटकासाठी एक छापील तक्ता होता. नाटकाचं नाव, लांबी, पात्रं, बैलगाडी वगैरे काही लागणार का, हे सगळं भरून झालं की तळाला शेवटचा रकाना यायचा : जनतेला होणारा लाभ. हा तक्ता नाटक लिहिण्याआधी भरायचा असे. लाभ आधी मंजूर व्हायचा, नाटक मागून यायचं. लाभ झाला की नाही हे जनतेला विचारायची वेळच येत नसे, इतकी ती व्यवस्था चोख होती.

मी असे पुष्कळ लाभ लिहिले. हुंडा घेऊ नये, शौचास उघड्यावर बसू नये, मुलीला शाळेत घालावं, तंबाखू सोडावी. माझ्या नाटकांतले लोक बाविसाव्या मिनिटाला सुधारत, कारण पंचविसाव्या मिनिटाला बातम्या असत.

यातल्या एका लाभाबद्दल आता लिहून ठेवतोय. त्या नाटकामुळे एका बाईच्या माथी एका लहान मुलाचा मृत्यू लागला. तो तिच्यामुळे झाला नव्हता. हे पक्कं माहीत असलेला माणूस मी होतो आणि मी गप्प राहिलो. माझं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. यापुढे गप्प राहायला वेळ उरला नाही, असं म्हटलं तर ते धैर्य ठरत नाही, हेही मला कळतं.

साठच्या दशकात मी भाईंदरजवळ, उत्तनकडच्या चौकच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या एका कोळीवाडीत शाळामास्तर होतो. राहायला भाईंदरला. वडील रत्नागिरीहून येऊन मिठागरावर कामाला लागले होते, मी शिकलो आणि मास्तर झालो. सकाळच्या बसनं वाडीत जायचं, संध्याकाळच्या बसनं परत. शाळेत एक खोली, वाडीत एक विहीर. दोन्हींना उन्हाळ्यात तळ दिसायचा.

वाडीतल्या एका घरात दोन जावा होत्या. सगळी वाडी एकीला मोठी म्हणायची, दुसरीला धाकटी. मीही मोठीबाय, धाकटीबाय म्हणायचो. दोघी पहाटे एकाच टोपलीत मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात यायच्या. मोठी टोपली वाहायची, कारण तिची मान मजबूत. धाकटी विकायची, कारण तिची जीभ. "ह्या जावेला गिऱ्हाईकाशी भांडायला ठेवलीय," मोठी म्हणायची. "आनि हिला मांजर हाकलायला," धाकटी लगेच सुनावायची. बाजारात त्यांच्या समोर नुसतं उभं राहायलाही लोक यायचे.

मी वाडीचा लेखनिकही होतो. मास्तरानं अर्ज लिहून द्यायचा, ही तिथली रीतच होती. मुलगा दाखल करून घ्या, होडीचा परवाना द्या, नवऱ्याला समजावा, सगळ्याला अर्ज. एका मे महिन्यात मोठी शाळेत आली आणि दारातूनच म्हणाली, "मास्तर, लिवा. हिरीत पावडर टाकनारा दोन महिने आला न्हाय. पान्याला वास येतोय. शेजारच्या म्हातारीला कालपासनं जुलाब हायेत."

मी अर्ज लिहिला. तिनं अंगठा उठवला आणि दुसऱ्या दिवशी मासळीच्या टोपलीत ठेवून भाईंदरला नेऊन दिला. आठवड्यानं दुसरा. मग तिसरा. अर्ज दिल्यावर त्याची पोच मागायची असते, हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे, सुचलं नाही. आयुष्यात पुढे जे काही मुद्दाम केलं, त्याची तयारी असल्या न सुचण्यातूनच झाली असावी.

तिसऱ्या अर्जानंतर वाडीत आणखी दोघं आजारी पडली. मोठीनं मग कुणाला विचारलं नाही. मासळी कापायचा कोयता घेऊन ती विहिरीच्या काठावर जाऊन बसली आणि कोयता मांडीवर ठेवला. "हिथलं पानी कुनी भरायचं न्हाय. मिठागराच्या हिरीवर जावा." मिठागराची विहीर दीड मैल लांब, वर मे महिन्याचं ऊन. पुरुष सगळे बोटींवर, तीन-तीन चार-चार दिवस न परतणारे. घरात होत्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. बायकांनी तिला काय काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. "हीर काय तुज्या बापानं खनली?" एकीनं विचारलं. "त्यानंच खनली," मोठी म्हणाली, आणि ते खरंही होतं, खणणाऱ्यांत तिचा बाप होता.

दोन दिवस ती बसली. तिसऱ्या दिवशी धाकटीच्या तीन वर्षांच्या मुलाला उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी सकाळच्या बसनं त्याला भाईंदरला नेलं. डॉक्टरच्या ओट्यावर पोचेपर्यंत तो गेला होता.

त्यानंतर दोन दिवसांनी पावडरवाला आला. तो वाईट माणूस नव्हता. घामानं भिजलेला, एकटा, एवढ्या सगळ्या किनाऱ्याच्या विहिरी त्याच्याकडे. पावडर टाकून झाल्यावर त्यानं माझ्याकडे शाळेतला गेरू मागितला. विहिरीच्या भिंतीवर 'आरोग्यसेवक येऊन गेले' असं लिहून खाली तारीख घालायचा नियम होता. त्यानं घातलेली तारीख पाच दिवसांपूर्वीची होती.

"तारीख चुकली," मी म्हणालो.

"चुकली नाही मास्तर. डायरीत हीच आहे. डायरी आणि भिंत जुळायला नको का?"

मी हसलो. गेरूचा डबा मीच धरला होता.

पुढे काही वर्षांनी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी लिहिलेल्या माझ्या छोट्या नाटकांची कुणीतरी तारीफ केली, आणि मी टीव्ही केंद्रात संहिता लिहायला लागलो. तीन-तीन महिन्यांच्या करारावर. मास्तरकी सोडली. आमच्या चाळीत मला एकदम मोठा मान आला. टीव्ही कुणाकडेच नव्हता, त्यामुळे माझी नाटकं कुणी पाहिलेली नव्हती, आणि मान टिकायला तेवढं पुरेसं होतं.

एके दिवशी आरोग्यावर नाटक हवं असं ठरलं आणि मला विहीर आठवली. त्याच आठवड्यात बाजारात मी जावांना सांगूनही टाकलं, "मोठीबाय, तुमच्या विहिरीचं नाटक करतोय."

"म्हंजे मी टीव्हीत?" मोठी म्हणाली.

"तू कसली. तुजं सोंग घेऊन कुनी गोरी येल," धाकटी म्हणाली. मग जरा थांबून, मासळीवरची माशी हाकलत, "आनि माजा पोरगा?"

"त्याचंही येईल," मी म्हणालो. "खरं काय झालं ते सगळं येईल."

हे वाक्य मी उच्चारलं होतं. मासळीच्या टोपलीसमोर उभं राहून, स्पष्ट शब्दांत.

आणि पहिल्यांदा मी लिहिलंही तसंच. तीन अर्ज, विहिरीवरची बाई, न येणारा माणूस, गेलेलं मूल, भिंतीवरची तारीख. निर्मात्यांनी वाचलं. सज्जन, नीटनेटके गृहस्थ. वाचताना त्यांचे डोळे पाणावले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि तक्ता ओढला.

"फार छान. पण यात आरोग्यसेवक कुठे आहे?"

"तो येतच नाही. तेच तर नाटक आहे."

"म्हणजे आपण आपल्याच पडद्यावरून सांगायचं की सरकारचा माणूस येत नाही? आणि लाभात काय लिहू? 'जनतेला कळेल की वाट पाहण्यात अर्थ नाही'?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"नोंद काय आहे तिथे?"

"भिंतीवर तारीख आहे."

"वेळेवर आल्याची?"

"भिंतीवर तरी तशीच आहे."

"मग भांडण कशाला? तो वेळेवर आला. बाईनं टाकू दिलं नाही, अज्ञानापायी. काठावर ती बसलेली आहेच, कोयताही आहे, तो फार उत्तम दिसेल. काही बदलू नका. फक्त कारण बदला."

माझा करार त्या महिन्यात संपत होता. हे कारण म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतोय. मी घरी जाऊन दोन संध्याकाळींत कारण बदललं. एकदा कारण बदललं की बाकीचं नाटक किती पटापट लिहून होतं, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. रकान्यात निर्मात्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : ग्रामीण भगिनींच्या मनातील विहीर-शुद्धीकरणाविषयीचे गैरसमज दूर होतील.

नाटकाच्या टेपा पुढे पुसल्या गेल्या आणि त्यांच्यावर बहुधा भाताच्या रोपवाटिकेवरचा कार्यक्रम घेतला गेला, तेव्हा मी सांगतो त्यावरच विश्वास ठेवावा लागेल. आरोग्यसेवक परीटघडीच्या पांढऱ्या सदऱ्यात, सायकलवर. त्याच्या सायकलची घंटा वाजली की विहिरीतले जंतू आपापलं सामान आवरायला लागत असावेत. कोळीण झालेल्या बाईंनी नाकात एवढी मोठी नथ घातली होती की संवाद तिच्या आडून यायचे. त्या कोयता घेऊन काठावर बसतात, "आमच्या हिरीत इख टाकतोस?" म्हणून ओरडतात, सेवक निराश होऊन परत जातो. मूल जातं. बाविसाव्या मिनिटाला बाई सेवकाच्या पाया पडतात. तो त्यांना उठवून म्हणतो, "ताई, चूक उमगली हेच खूप." नंतर समूहगीत.

वाडीत तेव्हा पंचायतीनं एक टीव्ही दिलेला होता. मच्छीमार सोसायटीच्या खोलीत, लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप. किल्ली सोसायटीच्या कारकुनाकडे. तो संध्याकाळी कुलूप उघडायचा, आणि कोण कोण पाहायला आलं त्यांची संख्या वहीत लिहायचा, कारण ती वर पाठवावी लागे. त्या वाडीत सरकारकडून याआधी आलेल्या गोष्टी म्हणजे नोटिसा, रेशनकार्डं आणि समन्स. ही चौथी. चित्र दाखवणारी. तिच्यातून येतं ते नाटक असू शकतं, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही.

मोठीनं अख्खी वाडी गोळा केली होती. धाकटीला हाताला धरून पुढे बसवली होती. मला खुर्ची होती, हारही होता. मी का गेलो? नाही गेलो तर संशय येईल म्हणून, आणि लाइट जाईल या आशेवर. त्या भागात लाइट रोज जायची. त्या संध्याकाळी गेली नाही.

कोयता दिसला तेव्हा लोक हसले, "मोठी गो, मोठी!" म्हणून ओरडले. मोठीही पदर तोंडाला लावून हसली. मग सेवक आला. पडद्यावरच्या मोठीनं त्याला हाकलला. खोलीतलं हसणं हळूहळू बंद पडलं. मूल गेलं तेव्हा धाकटी उठली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली. समूहगीत पूर्ण होईपर्यंत कुणी हललं नाही.

मग एक म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणाला, "म्हंजे पावडरवाला आला व्हता?"

"भिंतीवर तारीख हाय की," कुणीतरी म्हणालं. "मी बघितलीय. पोरगा जायच्या आदीची हाय."

"आमी तवा बोटीवर. आमाला काय म्हाईत."

"आनि आपल्या बायका दीड मैल पानी वाहत व्हत्या, हिच्यापायी." पाणी वाहिलेल्या बायका म्हणाल्या, त्या दिवसभर मिठागराच्या वाटेवर होत्या, इथे कोण आलं-गेलं त्यांना काय ठाऊक.

"अरं, नाटक हाय ते," एक तरुण म्हणाला.

"सरकारच्या पेटीत खोटं कसं येल?" कारकून म्हणाला, आणि वहीत आकडा लिहून त्यानं कपाटाला कुलूप घातलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. तीन अर्जांची गोष्ट वाडीत फक्त दोघांना माहीत होती, अंगठा उठवणारीला आणि लिहिणाऱ्याला. मी एवढंच म्हणायचं होतं, की मी लिहिले होते ते अर्ज, माणूस आला नव्हता, तारखेचा गेरू माझ्या हातात होता. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "माझी बस जाईल."

मोठी मला बसपर्यंत सोडायला आली. पानात गुंडाळलेले तळलेले बोंबील तिनं घरून माझ्यासाठी आणलेच होते, ते माझ्या हातात दिले.

"मास्तर, अर्ज तुमीच लिवले व्हते ना?"

"हो."

"मंग?"

"नाटक आहे, मोठीबाय. नाटकात थोडा बदल करावा लागतो."

"मंग मना बदलली. त्याला का न्हाय बदलला?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही छापील तक्त्याशिवाय देता येत नाही. ती म्हणाली, "तुमी त्याच पेटीतनं सांगा. एकदा. दुसरं कुनी आयकनार न्हाय." मी हो म्हणालो. बोंबील बसमध्ये खाल्ले. चांगले होते.

महिनाभरात त्यांच्या घराच्या मधोमध कूड उभा राहिला. बांबूचा, शेणानं लिंपलेला. बाजारात दोघी दोन टोकांना बसायला लागल्या, दोन टोपल्या घेऊन. मोठीला गिऱ्हाईकाशी बोलता यायचं नाही, ती भाव सांगून गप्प व्हायची. धाकटीच्या मानेला टोपली झेपायची नाही, ती अर्धीच भरून आणायची. मधून जायचं तर दोघींच्या समोरून जावं लागे. मी मासळी सोडली. पित्त वाढतं म्हणून सांगितलं घरी. पत्नीनं आनंदानं वांगी करायला घेतली आणि मी ती पुढे कितीतरी वर्षं खाल्ली.

मग पत्र आलं. केंद्रावर दर बुधवारी प्रेक्षकांच्या पत्रांचा कार्यक्रम असायचा, आणि आलेली पत्रं निवडून त्यांतला वाचायचा भाग खुणा करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. वाडीच्या नव्या मास्तरानं लिहून दिलेलं, वहीच्या दोन पानांचं पत्र, खाली अंगठा. सुरुवात अशी होती : "तुमचं नाटक आमी सगळ्यांनी बगितलं. सगळी वाडी गोळा झाली व्हती."

त्या सुमारास कायम करायच्या लोकांच्या यादीवर निर्माते सही करणार होते. मी लाल पेन्सिलनं पहिल्या दोन वाक्यांखाली रेघ ओढली. बुधवारी निवेदिकेनं गोड हसून वाचलं, "उत्तनजवळच्या वाडीतून एक मच्छीमार भगिनी लिहितात, तुमचं नाटक आम्ही सगळ्यांनी पाहिलं, सगळी वाडी गोळा झाली होती. धन्यवाद, ताई, असंच प्रेम राहू द्या." वर्षाच्या अहवालात ते 'किनारपट्टीवरील भगिनींचा उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणून गेलं. मी कायम झालो.

वाडीनं त्याचा अर्थ काय लावला, हे कळायला मला वेळ लागला नाही. बाईनं स्वतःच पत्र पाठवून नाटकाला मान दिला. म्हणजे कबूल केलं.

नंतर एकदाच मोठी माझ्याशी बोलली. भाईंदर स्टेशनच्या बाहेर समोरासमोर आलो, टाळायला जागा नव्हती. टोपली डोक्यावर, त्यामुळे तिला मान वळवता येत नव्हती, सरळ माझ्याकडेच बघत होती.

"आयकलं मास्तर. दोनच वळी वाचल्या. बाकीच्या लई लांब व्हत्या का?"

"वेळ कमी असतो, मोठीबाय. दोन मिनिटांत दहा पत्रं."

"हां," ती म्हणाली. "तरी आमच्या दोन वळी घेतल्या." आणि गेली. ती टोमणा मारत होती की खरंच समजून घेत होती, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेलो नाही. टोमणा असेल तर बरं.

मध्येच एक आठवलं, ते इथेच लिहितो. याच काळात एका नाटकाची टेप ऐन वेळी बिघडली आणि भरीला म्हणून कुणाचं तरी एक साधं नाटक दाखवलं गेलं. म्हातारा-म्हातारीचं. त्याला तिचं बोलणं ऐकू येत नाही, आणि ती हे त्याला कळू देत नाही. झालं. लाभाच्या रकान्यात 'नाही' असं लिहावं लागलं, आणि निर्मात्यांना त्याबद्दल वरून विचारणा झाली. त्या नाटकावर इतकी पत्रं आली की ठेवायला खोकं मागवावं लागलं. लोकांनी लिहिलं होतं की आम्ही वडिलांशी आता मोठ्यानं बोलतो. लाभ नसलेलं ते नाटक मी लिहिलेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

मोठी पुढे चारपाच वर्षांनी गेली. कूड तसाच होता. मी अंत्ययात्रेला गेलो नाही, कार्यालयात काम होतं. काय काम होतं ते आठवत नाही.

पत्र मात्र मी टाकून दिलं नव्हतं. नियमाप्रमाणे वाचून झालेली पत्रं फाडायची असत. मी ते घरी आणलं, आणि मग प्रत्येक घर बदलताना ते बरोबर येत गेलं. आता मी मिरा रोडला, सिल्व्हर पार्कात मुलाकडे असतो. गेल्या थंडीत कपाट आवरताना सुनेनं विचारलं, "बाबा, हे काय आहे? ठेवायचं की टाकायचं?" तिनं सहज विचारलं होतं. मी दुसऱ्या दिवशी ते खिशात घालून चौकची बस धरली.

धाकटी जिवंत होती. घराच्या जागी पक्कं घर, पुढे ओटा, ओट्यावर खुर्ची, खुर्चीत ती. शेजारची विहीर जाळीनं झाकलेली. तिनं मला ओळखलं नाही, मग ओळखलं.

"मास्तर? तुमी अजून हायेत?"

"आहे अजून."

मी प्रस्तावना करू लागलो. मी ती बसमध्ये तयार केली होती, नाटकासारखी. तिनं हात केला. "काय आनलंय ते काढा."

मी पत्र काढलं आणि वाचलं. पहिल्या दोन वाक्यांच्या पुढचं आजवर कुणाला वाचून दाखवलं गेलं नव्हतं. ते असं होतं :

"नाटकात आमच्या वाडीची हीर हाय पन खरं न्हाय. पावडरवाला आला नव्हता. मी तीन अर्ज दिले, ते मास्तरानं लिवले, मास्तर तुमच्याकडंच कामाला हाय, त्याला इचारा. पोरगा गेल्यावर पावडर टाकली. मना हिरीवरनं उठवायला सगळे आले पन पावडरवाला न्हाय आला. तुमी मना लोकांत वाईट केली त्याचं काय न्हाय, लोकं इसरतील. पन माजी जाव माज्याशी बोलत न्हाय. तिचा पोरगा माज्या मांडीवर वाडला व्हता. तवा खरं काय ते तुमी वाचून दाकवा. बुधवारी वाचा. बुधवारी धाकटी येते पेटी बगायला."

वाचून झालं. आतून तिची नातसून चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. तिच्या नजरेत मी कुणीतरी पेन्शनच्या कागदांसाठी आलेला असणार.

"बुधवारी मी जायची, खरं हाय," धाकटी म्हणाली. मग, "मास्तर, मना म्हाईत व्हतं."

"काय?"

"पावडरवाला आला नव्हता ते. मी काय बोटीवर व्हते? मी हितंच व्हते. दुसऱ्या दिवशी मोठी घरात पेज प्यायला गेली. पोरगा पानी पानी करत व्हता, मिठागरावरचं संपलं व्हतं. मी जाऊन अर्धी कळशी काढली. उकळवली बी न्हाय. कुनाला सांगितलं न्हाय, नवऱ्याला न्हाय, तिला न्हाय. तवापासनं रोज ती कळशी दिसायची. आनि मंग तुमचं नाटक आलं."

ती माझ्याकडे बघत नव्हती, विहिरीच्या जाळीकडे बघत होती.

"त्यात मी नव्हतेच. कळशी बी नव्हती. सगळं तिनंच केलेलं. मना लई बरं वाटलं मास्तर. इतक्या वर्सांत पयल्यांदा झोप लागली. मी कूड घातला तो रागानं न्हाय घातला. तिचं तोंड बगवत नव्हतं."

टीव्हीवरच्या नाटकानं जनतेची सेवा करावी असं तक्त्यात असायचं. माझ्या नाटकानं ती जनतेतल्या एका व्यक्तीची केली, पुरेपूर केली, आणि दुसरीला त्यासाठी बळी दिलं. या लाभाची मी कधी कल्पना केली नव्हती. यावर खोचक काही सुचेल म्हणून मी बरेच दिवस थांबलो, सुचलं नाही.

"मी लिहिणार आहे हे," मी म्हणालो. "मोठीबायनं अर्ज दिले होते ते. माझं सगळं. तुमचं वगळतो."

"का? परत कारन बदलताय?"

निर्मात्यांचं वाक्य तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं चहा बशीत ओतला, पण प्यायली नाही.

"माजं बी लिवा. अर्धी कळशी लिवा. न्हायतर लोक बोलतील, हीर तिनं अडवली व्हती तर पोरगा मेला कसा. मंग परत तिच्यावरच येल."

"नाव घालू?"

"नाव कशाला? वाडीला कळेल ना, तेवडं बास. आनि ते पत्र ठेवून जावा हितं."

मी पत्र तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही. तिनं अंगठ्याचा ठसा शोधून काढला आणि त्यावर स्वतःचा अंगठा ठेवून बसली. मग म्हणाली, "जायच्या आदी परत एकदा वाचा. सुरवातीपासनं. आनि मोठ्यानं, आत पोरी हायेत, त्यांना जाऊ द्या ऐकू."

मी तिच्या हातातून पत्र न काढता, वाकून, मोठ्यानं वाचलं. सगळं वाचलं.